जिवाचा नांगर : आशा आणि विश्वास यांच्या नात्याविषयी

कोल्हापुरात आम्ही लहानपणी ज्या संडे स्कूलला जात असू, तिथे शहरातली मुले थोडी आणि करवीर-कागलकडच्या शेतकरी कुटुंबांतली मुले जास्त असत. एका रविवारी बाईंनी बायबलच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातले एक वचन पाठ करायला दिले आणि त्याचे चित्रही काढून आणायला सांगितले. आशा ही आपल्या जिवाचा नांगर आहे, असे ते वचन. पुढच्या रविवारी जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच चित्र होते : दोन बैल, त्यांच्या मानेवर जू, मागे लाकडी नांगर आणि कासरा धरलेला माणूस. बाई कोकणातल्या होत्या. त्यांनी हसत हसत फळ्यावर गलबताचा लोखंडी नांगर काढून दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्याला बैलं कुठं जुपायची?"

त्या मुलाची चूक ही मराठीची चूक होती, आणि आज विचार करताना ती पुरती चूकही वाटत नाही. मूळ ग्रीक वचनात जहाजाचाच नांगर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्याच नव्या करारात प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहितो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावे. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती आशेचे दोन नांगर येतात. एक वादळात जागच्या जागी धरून ठेवतो, दुसरा कोरड्या जमिनीत पुढे सरकत राहतो. ख्रिस्ती आध्यात्मिक जीवनात आशा आणि विश्वास यांचे नाते काय, हा प्रश्न मंडळीत अनेकदा विचारला जातो आणि "दोन्ही हवेतच" एवढ्यावर तो मिटवलाही जातो. प्रश्न त्याहून बारीक आहे, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात आपल्या व्याकरणातच सापडते.

मराठीत आपण विश्वास कुणावर तरी ठेवतो आणि आशा कशाची तरी धरतो. 'डॉक्टरांवर विश्वास आहे' आणि 'बरे होण्याची आशा आहे' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. विश्वासाला 'वर' लागतो, म्हणजे खाली आधार देणारे कुणीतरी असावे लागते. आशेला 'ची' लागते, म्हणजे समोर, थोडी दूर, अजून हाती न आलेली एखादी गोष्ट असावी लागते. क्रियापदेही बोलकी आहेत. ठेवलेली वस्तू आपल्या हातातून सुटून दुसऱ्याच्या स्वाधीन होते. धरलेली वस्तू आपल्याला स्वतः घट्ट पकडावी लागते आणि हात दुखतात. (विश्वास पानिपतावर गेला, हा आपल्याकडचा जुना विनोद आहे, पण त्यातही कुणीतरी कुणावर तरी विसंबून होते, हे गृहीत आहेच.) या एवढ्या फरकाकडे नीट पाहिले तरी विषयाचा अर्धा गुंता सुटतो : विश्वास व्यक्तीकडे पाहतो आणि आशा त्या व्यक्तीकडून येणाऱ्या भविष्याकडे पाहते.

मात्र 'आशा' हा शब्द ख्रिस्ती उपासनेत आला तेव्हा तो कोरा नव्हता. आपल्या भाषेत आशेला फारसा मान कधी मिळालेला नाही. आशाळभूत, आशेवर झुलवणे, वेडी आशा हे सगळे शब्दप्रयोग आशेला दीनपणाच्या पंक्तीला बसवतात. आशा ही एक विलक्षण बेडी आहे, तिने जखडलेली माणसे धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेली पांगळ्यासारखी स्वस्थ बसतात, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित शाळेत अनेकांनी पाठ केले असेल. गीतेत 'निराशी' हे विशेषण साधकाच्या स्तुतीसाठी येते. त्यामुळे मराठी माणूस ख्रिस्ती मंडळीत बसून आशेचे गुणगान ऐकतो, तेव्हा जी सोडायची ती धरायला का सांगतात, असे त्याच्या मनात कुठेतरी येत असल्यास नवल नाही. ग्रीकांचीही अवस्था वेगळी नव्हती. त्यांच्या पुराणकथेत पांडोराच्या रांजणातून सगळ्या पीडा बाहेर पडतात आणि तळाशी आशा तेवढी उरते. आता ती माणसाला दिलासा म्हणून उरली की शेवटची फसवणूक म्हणून, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. पौलाने 'एल्पिस' हा ग्रीक शब्द उचलला तो या दुटप्पी इतिहासासह उचलला. त्यामुळे या शब्दाला ख्रिस्ती अर्थ कशाने मिळाला, हे शोधावे लागते.

तेराव्या शतकातील धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस यांनी आशेची जी चौकट आखून दिली, ती आजही सर्वांत उपयोगी आहे. त्यांच्या मते आशेचा विषय चार अटींत बसतो : तो चांगला असावा, भविष्यातला असावा, कठीण असावा आणि तरीही शक्य असावा. ही चौकट पंचगंगेच्या काठावर तपासून पाहता येते. उद्या सकाळी रंकाळा जागेवर असेल, अशी आशा कुणी धरत नाही, कारण त्यात कठीण काही नाही. पंचगंगा उलटी वाहून पाणी ओसरेल, अशीही आशा कुणी धरत नाही, कारण ते शक्य नाही. पण राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांची इशारा खूण ओलांडून ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे चढत असताना, पावसाने आता तरी उघडीप द्यावी म्हणून जो माणूस रात्री दर तासाला मोबाइलवर आकडा पाहतो, तो खऱ्या अर्थाने आशा धरून असतो. गोष्ट चांगली आहे, पुढची आहे, अवघड आहे आणि अशक्य नाही.

आता अक्वायनस यांचा खरा मुद्दा. ख्रिस्ती आशेचा विषय अनंतकाळचे जीवन, म्हणजे स्वतः देवच, आहे. हा विषय कठीण एवढ्यावरच थांबत नाही. माणसाच्या बळावर तो सरळ अशक्य आहे. मग चौथी अट पुरी कशी होते? ती देवाच्या साहाय्याने पुरी होते, आणि देव साहाय्य करील हे आपल्याला विश्वासाने कळते. म्हणून क्रमाने पाहता विश्वास आधी आणि आशा नंतर. विश्वास नसेल तर आशा चौकटीबाहेर पडते आणि तिची नुसती इच्छा उरते. इच्छेला कुणाच्या शब्दाची गरज नसते, आशेला असते.

अक्वायनस यांच्याही आधी, पाचव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी लॉरेन्शियस नावाच्या एका जिज्ञासूसाठी विश्वास, आशा आणि प्रीती यांवर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत त्यांनी विश्वास आणि आशा यांच्यामधला फरक अगदी व्यवहारी रीतीने मांडला आहे. विश्वास भूतकाळातल्या, वर्तमानातल्या आणि भविष्यातल्या अशा सर्व गोष्टींविषयी असू शकतो. ख्रिस्त मेला हे झालेल्या गोष्टीविषयी, तो पित्याच्या उजवीकडे बसला आहे हे चालू गोष्टीविषयी, तो न्याय करायला येईल हे होणाऱ्या गोष्टीविषयी. विश्वास चांगल्या गोष्टीवर बसतो तसा वाईट गोष्टीवरही बसतो. पापाला शिक्षा आहे, यावर आपण विश्वास ठेवतो, त्याची आशा धरत नाही. विश्वास स्वतःविषयी असतो तसा दुसऱ्याविषयीही असतो. आशा मात्र फक्त चांगल्या गोष्टीची, फक्त पुढच्या काळाची आणि आशा धरणाऱ्याशी संबंध असलेली असते. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. ऑगस्टीन त्याचाच आधार घेतात : भुतांपाशी त्या प्रकारचा विश्वास आहे, पण आशा नाही. मला हे वाक्य फार बोचरे वाटते. मतांगीकाराचा, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीचा, प्रत्येक शब्द खरा मानणारा, पण त्यातले काहीही आपल्यासाठी आहे असे न वाटणारा माणूस मंडळीच्या बाकावर वर्षानुवर्षे बसू शकतो, आणि त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता लागत नाही.

कोल्हापूरच्या प्रोटेस्टंट मंडळीला या विषयाची ओळख बहुतेक वेगळ्या वाटेने झाली. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचेच नाव सांगते. त्यांनी सुरू केलेले काम पुढे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचे धर्मशास्त्र सोळाव्या शतकातील जॉन कॅल्विन यांच्यापासून निघते. कॅल्विन यांचे म्हणणे थोडक्यात असे : देव खरा आहे असे विश्वास मानतो आणि त्याचा खरेपणा उघड होण्याच्या वेळेची वाट आशा पाहते, विश्वास हा पाया आहे आणि आशा त्या विश्वासाला पोसते, सांभाळते. यातला दुसरा भाग आपल्या उपदेशांत बऱ्याचदा गळतो. विश्वास आधी, आशा नंतर, एवढे सांगून आपण थांबतो. पण कॅल्विन म्हणतात की आशेवाचून विश्वास उतावीळ होतो, वाटेत दमतो, आणि दिलेले वचन लांबले की शंका घेऊ लागतो. मूल आईच्या पोटी जन्मते हे खरे. पण म्हातारपणी त्या आईचा हात कोण धरते, हेही पाहायला हवे.

विश्वासाची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे, आणि तीत आशा आधीच येऊन बसलेली आहे : विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा. मराठीत 'भरवसा' असे ज्या शब्दाचे भाषांतर झाले, तो ग्रीक शब्द 'हुपोस्टासिस'. त्याचा अक्षरशः अर्थ खाली उभे असलेले, आधारभूत, असा आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या जुन्या पपायरसांत हा शब्द मालमत्तेच्या कागदपत्रांच्या संदर्भातही येतो, आणि त्यावरून काही अभ्यासकांनी सुचवले की या वचनात विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींचे मालकीपत्र, असा अर्थ घ्यावा. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला, जिथे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात आणि सातबाऱ्यावर नाव लागले की नाही हा घराघरातला प्रश्न असतो, हा अर्थ ताबडतोब समजतो. खरेदीखत झाले आहे, ताबा अजून मिळालेला नाही. खरेदीखत हातात घेऊन ताब्याची वाट पाहणारा माणूस आणि कागदाशिवाय दुसऱ्याच्या रानाकडे बघत बसलेला माणूस, दोघेही त्याच बांधावर उभे असतात; पण दोघांच्या वाट पाहण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हे रूपक नुसते शब्दकोशातले नाही. जुन्या करारात एक खरे खरेदीखत आहे, आणि आशा व विश्वास यांचे नाते इतक्या बारकाईने दाखवणारा दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही. यिर्मयाच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय. बाबेलच्या राजाने, नबुखद्नेस्सराने, यरुशलेमला वेढा घातला आहे. शहर पडणार हे यिर्मया संदेष्टा कित्येक वर्षे सांगत आला आहे आणि त्याबद्दलच यहूदाच्या राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्या चौकात येतो आणि म्हणतो, अनाथोथ गावातले माझे शेत तू विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. आता अनाथोथ यरुशलेमपासून तासा-दीड तासाच्या चालीवर, म्हणजे वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या पट्ट्यातच. नातेवाइकाने अडचणीच्या काळात गळ्यात घातलेली जमीन, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. पण यिर्मया ती घेतो, आणि पुढचा तपशील एखाद्या दस्तलेखकाने लिहावा तसा आहे. सतरा शेकेल रुपे, म्हणजे आजच्या मापाने जवळपास दोनशे ग्रॅम चांदी, तो ताजव्यात तोलून देतो. खत लिहितो, मोहर करतो, साक्षीदार घेतो. खताच्या दोन प्रती आहेत, एक मोहर लावलेली आणि एक उघडी. दोन्ही तो आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सर्वांदेखत सांगतो की ही खते मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे देव म्हणतो.

इथे विश्वास कुठे आहे आणि आशा कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवता येते. देवाच्या शब्दावर चांदी तोलून दिली, हा विश्वास. खत मडक्यात घातले, ही आशा. मडके हे लांबच्या काळाचे भांडे आहे. उद्या लागणारा कागद कुणी मडक्यात पुरून ठेवत नाही. आणि या अध्यायात मला सर्वांत जास्त आवडते ते पुढे येते. सगळा व्यवहार आटोपल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी तो गोंधळलेला आहे. हे प्रभू, मोर्चे शहराला येऊन भिडले आहेत, आणि तू मला म्हणतोस पैसे देऊन शेत विकत घे! सही आधी झाली, प्रश्न मागून आला. विश्वास म्हणजे शंकेचा लवलेश नसणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा क्रम पाहावा. पुढे यरुशलेम पडले, यिर्मयाला लोकांनी त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशात नेले. त्या शेतात त्याने कधी औत घातले, असा एक शब्दही शास्त्रात नाही.

हा फरक नीट न समजल्याने होणारे नुकसान मी घरात पाहिले आहे. माझी चुलती शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा प्रार्थनेसाठी काही मंडळी येऊन बसत. त्यांतली बहुतेक प्रेमाने येत. एका दुपारी आलेल्या एका गृहस्थांनी मात्र मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना उंबऱ्यात थांबून, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात, सांगितले की विश्वास कमी पडतो आहे, नाहीतर एवढ्यात गुण आला असता. ते गेल्यावर काकू काही वेळ छताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "माझा इस्वास मोजाय ह्यांनी तागडी आणलीती काय रं?"

त्या गृहस्थांनी आशेची जागा विश्वासाला दिली होती. बरे होण्याची आशा धरणे योग्यच होते. आम्ही सगळे धरून होतो. पण ती एका ठरावीक गोष्टीची आशा होती, आणि अशी आशा पुरी होते किंवा होत नाही. विश्वास त्या गोष्टीवर ठेवलेला नव्हता, देवावर ठेवलेला होता. दानीएलाच्या पुस्तकातले तीन तरुण, शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो, भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढे म्हणतात की त्याने न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'समर्थ आहे' हा विश्वास, सोडवील ही आशा, आणि 'न सोडवले तरी' या तीन शब्दांत त्या दोहोंमधली सीमा आखलेली आहे. जुन्या धर्मशास्त्रींनी आशेविरुद्धची दोन पापे सांगितली : एक हताशा आणि दुसरे देवाला गृहीत धरणे. हताश माणूस म्हणतो, आता काही होणार नाही. गृहीत धरणारा म्हणतो, झालेच म्हणून समजा. दोघांचाही वाट पाहण्याचा त्रास वाचतो, एवढे त्यांच्यात साम्य आहे. उंबऱ्यातले गृहस्थ दुसऱ्या प्रकारचे होते, आणि दुसऱ्या प्रकारची माणसे आजाऱ्याला पहिल्या प्रकारात ढकलतात, हा माझा अनुभव आहे.

ठरावीक आशा मोडते तेव्हा विश्वासाचे काय होते, याचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. वधस्तंभाच्या घटनेनंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे चालले आहेत. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. कोल्हापुरातून निघालेला माणूस पन्हाळ्याच्या निम्म्या वाटेवर पोहोचेल इतके. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते सांगतात की इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच, अशी आम्हाला आशा होती. 'होती.' भूतकाळात गेलेली आशा म्हणजे काय, हे त्या एका क्रियापदात आहे. पण गंमत अशी की त्यांची आशा मोडली असली तरी ते बोलत येशूविषयीच होते. व्यक्ती सुटली नव्हती. तो अनोळखी माणूस त्यांची जुनी आशा दुरुस्त करून परत देत नाही. तो त्यांना मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरुवात करून झालेल्या गोष्टी समजावतो, म्हणजे आधी विश्वासाचा तळ पुन्हा भरून घेतो, आणि आशा त्यानंतर भाकर मोडताना नव्या रूपात उगवते.

आतापर्यंत विश्वासाला 'वर' आणि आशेला 'ची' असे म्हटले. नवा करार मात्र एके ठिकाणी हे व्याकरण मोडतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच वचनात पौल 'आपली आशा ख्रिस्त येशू' असे लिहितो. ख्रिस्ताकडून मिळणारे काही नव्हे, तोच. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याचीच आशा धरायची, अशी ही रचना आहे. ठरावीक आशा एकामागून एक गळत जातात तेव्हा जी शेवटी उरते ती हीच, आणि म्हणूनच ती आणि विश्वास यांच्यात मग फारसे अंतर राहत नाही.

तोवर वाट पाहायची असते, आणि खरे सांगायचे तर ख्रिस्ती जीवनाचा बहुतेक काळ त्यातच जातो. इब्री भाषेत आशेसाठी येणारा 'तिक्वा' हा शब्द 'कावा' या धातूशी जोडलेला आहे, आणि त्या धातूचा अर्थ वाट पाहणे असा होतो. याच 'तिक्वा'चा दुसरा अर्थ दोरी किंवा दोर. यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची स्त्री खिडकीला किरमिजी दोर बांधते, तिथे हाच शब्द आहे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात इतर भाषांत 'वाट पाहणारे' असे भाषांतर आढळते, तिथे मराठीने 'परमेश्वराची आशा धरून राहणारे' असे केले आहे. 'धरून राहणारे' यात दोरही आला आणि काळही आला.

या काळाला आमच्याकडे लांबी आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तोड येते सोळा-अठरा महिन्यांनी. कांडी सरीत टाकून पायाने दाबल्यावर दोन-तीन आठवडे रानात दाखवण्यासारखे काही नसते. लावणारा कांडीवरचा डोळा बघून घेतो, एवढाच त्याचा विश्वासाचा भाग. बाकी सगळा आशेचा. याकोब आपल्या पत्रात शेतकऱ्याचेच उदाहरण देतो, की तो पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत भूमीच्या मोलवान पिकाची धीराने वाट पाहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या चुलत्यांच्या उसाचे शेंडे कित्येक दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर पोंग्यात गाळ भरलेला, पाने कुजलेली. चुलत्यांनी दोन्ही वर्षी पुन्हा लागण केली. हे सहज घडले, असे मी म्हणणार नाही; दुसऱ्या वर्षी ते चार दिवस रानाकडे फिरकले नव्हते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एक साखळी मांडतो : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. लहानपणी मला ती उलटी वाटे, कारण आशा असते म्हणून माणूस संकटात टिकतो, असेच कुणीही म्हणेल. पौलाच्या साखळीत आशा शेवटी येते. संकट सोसून निघालेल्या माणसाला मागे वळून दिसते की ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने आपल्याला टाकले नाही, आणि त्या पाहण्यातून जी आशा येते ती सुरुवातीच्या आशेपेक्षा वेगळ्या जातीची असते. विलापगीतांचा कर्ता तिसऱ्या अध्यायात आधी म्हणतो की माझी आशा नष्ट झाली. तीनच वचनांनंतर म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मध्ये परिस्थिती बदललेली नाही, फक्त आठवण आली आहे.

एक शंका नेहमी विचारली जाते : पुढे विश्वास आणि आशा या दोहोंचे काय होणार? परंपरेचे उत्तर असे की विश्वासाची जागा दर्शन घेईल आणि आशेची जागा प्राप्ती घेईल, कारण पौलच म्हणतो, जे दिसते त्याची आशा कोण धरतो? प्रीती मात्र राहील. जर्मन धर्मशास्त्री युर्गेन मोल्टमान यांनी विसाव्या शतकात आणखी एक गोष्ट ठासून सांगितली. ते तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते आणि त्या छावण्यांतच त्यांचा विश्वास जागा झाला. ख्रिस्ती आशा एकट्या जिवाच्या सुटकेपुरती नाही, ती मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आणि सगळ्या सृष्टीच्या नवेपणाची आहे, आणि म्हणून ती माणसाला आजच्या अन्यायाशी जुळवून घेऊ देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आशेचा दुसरा नांगर, जमीन फोडणारा, तो हा.

दफनविधीच्या जुन्या प्रार्थनेत, मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ हे शब्द म्हणून झाल्यावर, पुनरुत्थानाच्या 'निश्चित आशेने' देह स्वाधीन करतो असे शब्द येतात. रोजच्या मराठीत 'निश्चित आशा' हा शब्दप्रयोग बसत नाही. निश्चित असेल तर आशा कशाला म्हणायचे आणि आशा असेल तर निश्चित कसे? त्या विशेषणाचा भार आशेला एकटीला पेलवणारा नाही. तो खाली, ज्याने वचन दिले त्याच्यावर, ठेवलेला आहे.

काकूच्या दफनाच्या दिवशी पाळकांनी ते शब्द वाचले आणि आम्ही एकेक जण पुढे होऊन मूठमूठ माती टाकली. चुलते शेवटी आले. त्यांनी मूठभर टाकली, थोडे थांबले, मग खाली बसून कडेची ढेकळे हाताने फोडली, ती आत लोटली, आणि उठताना कडेची भुसभुशीत माती सवयीने पायाने दाबली.